लॅव्हेंडर लावा, पण फांदीचे, आणि कुंडीत

आपल्या धर्मग्रामातल्या बऱ्याच घरांच्या ओट्यावर हल्ली मोगरा, गुलाब आणि गवती चहाच्या जोडीला एक नवी कुंडी दिसते. करडसर हिरवी बारीक पाने, चुरगळली की येणारा गोड, थंड वास, आणि जमलेच तर काडीच्या टोकाला जांभळा तुरा. नाताळच्या सुमाराला रोपवाटिकेतून शे-दोनशे रुपये मोजून आणलेले हे लॅव्हेंडर. ईस्टरपर्यंत ते छान असते. वळीव पडला की जरा मरगळते. मृग लागून पावसाची झड बसली की खालची पाने काळी पडू लागतात, आणि आषाढ सरेपर्यंत कुंडीत उरते ती नुसती वाळकी काटकी. मग घरची माणसे म्हणतात, आमच्या हाताला यश नाही. पुढच्या नाताळाला पुन्हा नवे रोप, पुन्हा तेवढेच पैसे.

हाताला यश नाही ही समजूत खोटी आहे. ज्या हातांनी उसाची टिपरी लावली, तंबाखूचे तरू टाकले, भाताचा चिखल केला, त्या हातांना एक वीतभर झुडूप जगवता येत नाही, हे पटण्यासारखे नाही. अडचण हातात नाही, पावसात आहे. आणि तिच्यावर उपाय रोपवाटिकेत नाही. ज्या झाडाने आपल्याकडचा एक पावसाळा काढला त्याच्या फांदीत आहे. लॅव्हेंडर दरवर्षी विकत घेण्याची गरज नाही. ते घरच्या घरी फांदीपासून करावे, शेजाऱ्याला द्यावे, आणि कुंडीतच ठेवावे. कुंडीतच, हा शब्द मुद्दाम वापरला आहे. एकरात लावण्याच्या गोष्टी ज्यांच्या कानावर आल्या असतील, त्यांच्यासाठी पुढे चार शब्द स्पष्टच लिहिणार आहे.

प्रथम हे झाड मुळात कुठले ते पाहू. लॅव्हेंडरचे माहेर भूमध्य समुद्राभोवतीचे खडकाळ, चुनखडीचे डोंगर. तिथे पाऊस पडतो तो मुख्यतः थंडीच्या दिवसांत, आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत. म्हणजे आपल्या नेमके उलट. फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागात सेनांक नावाचा सिस्टर्शियन संघाचा मठ आहे. त्याची स्थापना ११४८ साली झाली. तिथले मठवासी आजही मठाभोवती लॅव्हेंडरची शेती करतात आणि तिच्यावर आपला काही खर्च भागवतात. संत हिल्डेगार्ड यांनी बाराव्या शतकात औषधी वनस्पतींवर लिहिले, त्यातही लॅव्हेंडर आहे. तेव्हा ख्रिस्ती मठांच्या बागांशी या झाडाचे नाते फार जुने. पण मठ तिथला, माती तिथली आणि उन्हाळाही तिथला.

ओघात आणखी एक खुलासा करतो, कारण हा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात बेथानीच्या मरियेने प्रभूच्या चरणांना जे मौल्यवान तेल लावले ते लॅव्हेंडरचे होते काय? नाही. जुन्या ग्रीक-रोमन लोकांनी बऱ्याच सुगंधी वनस्पतींना मिळतीजुळती नावे दिली, त्यातून हा घोळ झाला. मराठी बायबलात त्याला जटामांसीचे तेल म्हटले आहे, आणि जटामांसी ही हिमालयातल्या उंच पहाडांवरची वनस्पती आहे. त्या तेलाची किंमत यहूदाने तीनशे दिनार केली. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, हे द्राक्षमळ्याच्या दाखल्यावरून आपल्याला ठाऊकच आहे. आपल्या भारतातली वस्तू पार यरुशलेमेच्या वेशीपर्यंत पोचली होती, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

आणि लॅव्हेंडरची सख्खी नसली तरी चुलत भावंडे आपल्या सह्याद्रीत रानात उगवतात. शास्त्रज्ञ त्यांना लॅव्हेंडुला बायपिनाटा आणि लॅव्हेंडुला गिब्सोनाय अशा नावांनी ओळखतात. दुसरे नाव अलेक्झांडर गिब्सन यांच्यावरून पडले. ते मुंबई इलाख्याचे वनाधिकारी होते. ही झुडपे आपल्या पावसाला सरावलेली, पण त्यांना बाजारातल्या लॅव्हेंडरसारखा वास नाही. म्हणून त्यांच्याकडे कोणी वळून पाहत नाही. वासाचे झाड पाहिजे तर ते परक्या मुलखातलेच घ्यावे लागते, आणि परक्याचे लाड करावे लागतात.

बाजारात लॅव्हेंडर म्हणून जे मिळते त्यातही फरक आहे. पान अरुंद, कडा सरळ, वास सर्वांत गोड, ते खरे इंग्लिश लॅव्हेंडर. याला थंडी लागते, आणि आपल्या पावसात सर्वांत आधी जाते तेही हेच. पानाच्या कडेला फणीसारखे दाते असतील तर ते दातेरी लॅव्हेंडर. याचा वास थोडा कापरासारखा, पण उष्मा आणि दमटपणा हे जास्त सोसते. तुऱ्याच्या डोक्यावर सशाच्या कानासारख्या पाकळ्या उभ्या असतील तर ते स्पॅनिश. कधी कधी निळ्या फुलांचा साल्व्हियाच लॅव्हेंडर म्हणून गळ्यात मारतात. पान चुरगळून वास घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. माझे मत विचाराल तर आपल्या भागात पहिले झाड दातेरीच घ्यावे. वासात डावे, पण जगण्यात उजवे.

आता बी का नको, फांदीच का, ते सांगतो. लॅव्हेंडरचे बी उगवायला फार वेळ घेते, पुष्कळदा थंडीत ठेवल्याशिवाय उगवतच नाही, आणि उगवले तरी रोपे आईसारखी होतीलच असे नाही. एक संकरित जात तर अशी आहे, तेलासाठी तीच जास्त लावतात, की तिला बी धरतच नाही. फ्रान्समधले तिचे मळेच्या मळे फांद्यांवरच उभे आहेत. फांदी म्हणजे त्याच झाडाचा तुकडा. आईचा सगळा गुण तिच्यात उतरतो. म्हणून ज्या घरच्या लॅव्हेंडरने एक पावसाळा काढला असेल त्या घरी जाऊन फांदी मागावी. दुकानातल्या दहा टवटवीत रोपांपेक्षा ती एक फांदी मोलाची. ते झाड आपल्या ओलीत टिकले, याचा पुरावा तिच्या अंगात आहे.

दुसरे कारण असे की हे झाड दीर्घायुषी नाही. आपल्याकडे दोन-तीन वर्षांत त्याचे बूड लाकडासारखे टणक होते, मधून उघडे पडते, आणि त्या जुन्या लाकडावर नवी फूट येत नाही. म्हणून जुने झाड छाटून तरुण करता येत नाही, त्याची फांदी लावूनच ते पुढे न्यावे लागते. उसाचे बेणे आपण जसे तीन-चार वर्षांनी बदलतो, तसेच.

आणि ऊस लावणाऱ्याला हे काम नव्याने शिकवावे लागत नाही. बेण्यासाठी नऊ-दहा महिन्यांचा ऊस घेतो, खोडवा घेत नाही. बुडख्याकडच्या जून कांडीपेक्षा शेंड्याकडची कांडी लवकर उगवते हे आपल्या पोरांनाही माहीत आहे. लॅव्हेंडरचेही तसेच. बुडाकडची लाकडी काडी मूळ धरत नाही, अगदी कोवळा शेंडा ओलीत सडतो. या दोहोंच्या मधली, यंदाच्याच फुटीची फांदी घ्यावी. वाकवली तर वाकली पाहिजे, पण सुतळीसारखी लोळता कामा नये. जिच्यावर कळी किंवा फूल आहे ती घेऊ नये. तिची सारी ताकद फुलाकडे लागलेली असते. साध्या फांद्या नसतीलच, तर कळी खुडून टाकून मगच लावावी.

वेळ महत्त्वाची. पुस्तकांत लिहितात उन्हाळ्याच्या मध्यावर कलमे करा. ती पुस्तके युरोपातली. आपल्याकडे मे महिन्यात लावलेली फांदी उन्हाने वाळते आणि जूनमध्ये लावलेली कुजते. दसरा झाला, परतीचा पाऊस ओसरला, सकाळी हवेत जरा गारवा जाणवू लागला, म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत, हा आपला हंगाम. दुसरा छोटा हंगाम फेब्रुवारीत. त्या वेळी थोड्या फांद्या लावून ठेवल्या तर पावसाळ्याला एकच म्हातारे झाड सामोरे जात नाही, चार तरुण रोपे जातात. एक गेले तरी तीन राहतात.

आदल्या संध्याकाळी आईझाडाला पाणी द्यावे. सकाळी ऊन चढण्याआधी, धारदार ब्लेडने किंवा कात्रीने तीन ते चार इंचांची फांदी, पानाच्या पेराच्या अगदी खाली कापावी. मुळे फुटतात ती बहुधा त्या पेरापाशी. ब्लेड आधी उकळत्या पाण्यात बुडवून घ्यावे. खालच्या अर्ध्या भागातली पाने हळूच काढावीत, साल ओरबाडू नये. वर सात-आठ पाने राहू द्यावीत. काही जण फांदी कापत नाहीत, मोठ्या फांदीपासून खाली ओढून काढतात, म्हणजे तिच्या बुडाला सालीची लहानशी टाच येते. तीही पद्धत चांगली आहे, पण आईझाडाला जखम होते, म्हणून झाड दणकट असेल तरच.

माती मात्र आपल्या शेताची नको. दोन भाग जाडी वाळू आणि एक भाग चाळलेला पालापाचोळ्याचा कुजका किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा, इतकेच पुरे. शेणखत नको, युरिया तर मुळीच नको. मूळच नाही तर खाणार कोण? खत पडले की फांदीचे बूड काळे होते. वाळू जाडी, धुतलेली असावी. भांडे मातीचे बरे, कारण ते पाणी शोषून बाहेर टाकते. लहान कुंडी नसली तर बुडाला भोक पाडलेली नारळाची करवंटी चालते. जुने माळी कुंडीच्या मधोमध फांदी लावत नाहीत, कडेला लावतात. मातीच्या कुंडीची कड लवकर सुकते, हवा खेळते आणि फांदी कुजत नाही. एका कुंडीत कडेने चार-पाच फांद्या बसतात. काडीने आधी भोक करावे, मग फांदी आत सोडावी आणि बोटाने वाळू दाबावी. फांदीच भोक पाडण्यासाठी खुपसली तर बुडाची साल सोलते.

मुळे फुटण्याची पावडर कृषी सेवा केंद्रात मिळते. तिच्यात इंडोल ब्युटिरिक ॲसिड नावाचे द्रव्य असते. तिने काम लवकर होते, हे खरे. पण तिच्यावाचून अडत नाही. घ्यायचीच तर बुडाला चिमूटभर लावून झटकून टाकावी. जास्त लावल्याने जास्त मुळे येत नाहीत. कोणी मध सांगतो, कोणी दालचिनी, कोणी कोरफड. ज्याला हौस असेल त्याने करावे, माझी हरकत नाही. पण ग्लासातल्या पाण्यात फांदी उभी करून ठेवण्याची जी पद्धत आहे ती पानओव्याला ठीक, लॅव्हेंडरला नको. बहुतेक वेळा बूड सडते.

कुंडी उजेडाच्या सावलीत ठेवावी. सकाळचे कोवळे ऊन चालेल, दुपारचे नको. पाणी घालताना हात आखडता ठेवावा. वरची वाळू सुकलेली दिसली की मगच पाणी, तेही शिंपडून. वर प्लॅस्टिकची पिशवी झाकायची असेल तर तिला भोके पाडावीत आणि रोज थोडा वेळ उघडावी. खानापूरच्या बाजूच्या दमट हवेत पिशवीची गरजच नाही. चार ते सहा आठवड्यांत मुळे धरतात. शेंड्याला नवी फूट दिसली, आणि फांदी दोन बोटांनी हलकेच ओढली तर आतून ओढ लागली, की समजावे लागली. रोज उपटून पाहणाऱ्याची मात्र कधीच लागत नाही. दहांपैकी पाच लागल्या तरी काम फत्ते झाले असे मानावे.

मग प्रत्येक रोप वेगळ्या लहान कुंडीत. वीतभर होण्याआधीच शेंडा खुडावा, म्हणजे बाजूने फुटवे येतात. निपाणीकडच्या आपल्या लोकांना शेंडा खुडणे शिकवायला नको, तंबाखूत तेच करतात. फक्त तंबाखूत पुढे बगलफूट दिसली की काढून टाकतात. इथे ती बगलफूटच हवी असते, एवढे हातांना बजावून ठेवावे.

ज्यांना एवढाही खटाटोप नको त्यांच्यासाठी दाब कलम आहे. खालची लांब फांदी वाकवून शेजारच्या वाळूच्या कुंडीत टेकवावी, टेकते तिथली साल खालून नखाने जराशी खरवडावी, वर वाळू आणि एक दगड ठेवावा. दोनेक महिन्यांनी तिला मुळे फुटली की आईपासून कापावी. आई तिला तोवर पोसत असते, त्यामुळे मरण्याची भीती कमी. रोपे थोडी मिळतात, पण खात्रीची.

आता माती. आपल्या भागात दोन माती आहेत आणि दोन्हींत वेगवेगळी चूक होते. बेळगाव-खानापूरची तांबडी माती पाणी सोडते, पण ती आंबट असते. लॅव्हेंडरला चुनखडीची सवय. म्हणून मोठ्या कुंडीत तांबडी माती आणि जाडी वाळू निम्मे-निम्मे घेऊन मूठभर अंड्यांच्या टरफलांचा चुरा, किंवा थोडा शेतीचा चुना मिसळावा. निपाणी-चिकोडीच्या काळ्या मातीत चुना पुष्कळ असतो, पण ती पाणी धरून ठेवते. वेदगंगा-दूधगंगेच्या काठची ती माती उसाला सोन्यासारखी; लॅव्हेंडरला मात्र ती थडगे आहे. काळी माती कुंडीत अजिबात घालू नये. एका घरात झाड जगते आणि बारा कोसांवरच्या दुसऱ्या घरात मरते त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

पावसाळ्याची तयारी मे महिन्यातच करावी. झाडाचा वरचा तिसरा हिस्सा छाटावा, पण हिरवी पाने असतील तिथपर्यंतच. आतून वारा खेळला पाहिजे. कुंडीच्या तोंडाशी बोटभर जाडीची बारीक खडी पसरावी, म्हणजे थेंबांनी उडालेला चिखल पानांना लागत नाही. कुंडीखालची बशी काढून टाकावी आणि दोन विटांवर कुंडी उचलून ठेवावी. आपल्याकडे पावसाचा झोत पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून घराच्या पूर्वेच्या ओट्यावर, वळचणीच्या आत जागा द्यावी. थेंब पडत नाही म्हणून रोज पाणी घालण्याचा मोह होतो, तो आवरावा. जुलै-ऑगस्टच्या हवेतच इतकी ओल असते की पंधरा दिवसांत एकदा घोटभर पाणी पुष्कळ झाले.

युरोपात बव्हेरिया, पोलंड अशा ठिकाणी १५ ऑगस्टला, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, सुगंधी वनस्पतींच्या जुड्या चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेण्याची रीत आहे. आपल्याकडे त्या दिवशी लॅव्हेंडर वळचणीखाली जीव मुठीत धरून बसलेले असते, त्याला तोडू नये. ते फुलते थंडी सरता सरता, आणि तोवर राखेचा बुधवार उजाडलेला असतो. उपवासकाळाचा रंगही जांभळा, पण त्या दिवसांत वेदीवर फुले नसतात. तेव्हा तुरे कापावेत, उलटे टांगून सावलीत वाळवावेत, आणि ईस्टरला काढावेत. वाळल्यावरही वास जात नाही. प्लॅस्टिकच्या फुलांपेक्षा हे वेदीला केव्हाही शोभेल, असे मला वाटते.

आता एकराची गोष्ट. मोबाइलवर हल्ली जांभळ्या शेतांची चित्रे फिरतात आणि कोणीतरी सांगतो, लॅव्हेंडर लावा, रोपे आम्ही देऊ, माल आम्हीच घेऊ. काश्मीरकडे पाहा म्हणतात. पाहूच. जम्मू-काश्मीरमध्ये डोडा जिल्ह्यात भदरवाह आहे. तिथे जम्मूच्या भारतीय एकात्मिक औषध संस्थेने २०१६ नंतर अरोमा मिशनखाली शेतकऱ्यांना लॅव्हेंडरची रोपे दिली, तेल काढण्याची यंत्रे बसवली, आणि मक्याच्या जागी हे पीक घेऊन लोकांनी पैसा केला. ही गोष्ट खरी आहे आणि कौतुकाची आहे. पण भदरवाह समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंचीवर, तिथे बर्फ पडते. आपले बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास, आणि आपल्याकडे चार महिने पाऊस कोसळतो. तिथे सरकारी संस्था पाठीशी उभी होती. इथे फोनवरचा आवाज आहे. शंभर किलो ताज्या फुलांतून तेल निघते किलोभर, पुष्कळदा त्याहूनही कमी, आणि ते काढायला वाफेची भट्टी लागते. माल घेऊ म्हणणारा पुढच्या वर्षी फोन उचलणार नाही तेव्हा ती फुले कोणाच्या दारात नेऊन टाकायची?

निपाणीचा शेतकरी नव्या पिकाकडे का वळून पाहतो हे मी समजू शकतो. तंबाखूने या भागाला पैसा दिला आणि दुःखही दिले. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी निपाणीजवळ महामार्गावर बसले, आणि ६ एप्रिलला गोळीबार होऊन शेतकऱ्यांचे बळी गेले. त्या पिढीची माणसे अजून आपल्यात आहेत. तंबाखू सोडावा असे ज्याला वाटते त्याची चेष्टा कोणी करू नये. पण तंबाखू सोडून ज्याच्यामागे जायचे ते पीक आपल्या मातीचे हवे. सागवानाच्या योजना आल्या, सफेद मुसळी आली, व्हॅनिला आला, एमू पक्षी आले. दर वेळी सुरुवातीला रोपे किंवा पिल्ले विकणाऱ्यानेच पैसा केला. व्हॅनिलाचा भाव २००३ च्या सुमारास आभाळाला टेकला होता आणि दोनच वर्षांत जमिनीवर आला. लॅव्हेंडरची रोपे विकणाऱ्यालाही रोपांतच नफा आहे, तेलात नाही.

सुगंधी पीकच घ्यायचे असेल तर दवणा आहे. चैत्रात वाडी रत्नागिरीच्या यात्रेला जाणारे आपले शेजारी जो दवणा वाहतात, त्याचेच तेल काढतात. जगाला लागणारे दवण्याचे तेल बहुतेक दक्षिण भारतातूनच जाते आणि त्यात कर्नाटक पुढे आहे. नोव्हेंबरात पेरायचा, फेब्रुवारी-मार्चमध्ये कापायचा. पावसाळा त्याच्या वाटेला येतच नाही. गवती चहा तर बांधावरही येतो. पण त्यांचेही तेल कोण घेणार, भट्टी किती दूर, हे लिहून घेतल्याशिवाय गुंठाभरही लावू नये. मत्तीकोप्पच्या केएलई कृषी विज्ञान केंद्रात किंवा तुक्कानट्टीच्या केंद्रात जाऊन विचारावे. बसचे तिकीट लागेल, पण जमीन वाचेल.

हे पान शेतीचे तसे आरोग्याचेही आहे, म्हणून औषधाविषयी. लॅव्हेंडरच्या वासाने मन शांत होते, झोपेला थोडी मदत होते, हे बऱ्याच जणांच्या अनुभवाचे आहे. उशीत वाळकी फुले ठेवावीत, कपड्यांच्या पेटीत पुरचुंडी टाकावी, कसर कमी लागते. याच्या पुढे जाऊ नये. बाटलीतले तेल पिऊ नये, कोणाला पाजू नये. लहान मुलाच्या पोटात गेले तर गुंगी आणि उलट्या होतात. जर्मनीत या तेलाच्या मोजून भरलेल्या गोळ्या अस्वस्थपणावर औषध म्हणून मिळतात, पण ती वस्तू वेगळी आणि बाजारातली सुगंधी बाटली वेगळी. निव्वळ तेल कातडीला लावले तर काहींना चट्टे उठतात. ओट्यावर लॅव्हेंडरची कुंडी आहे म्हणून डास येत नाहीत हेही खरे नाही. डेंग्यूच्या दिवसांत मच्छरदाणी लावावी आणि पिंपे कोरडी करावीत.

एक गोष्ट निपाणीकडच्या भगिनींसाठी. सकाळच्या दवात तंबाखूचा शेंडा खुडताना मळमळ, चक्कर, उलटी होते ती ओल्या पानातले निकोटिन कातडीतून आत गेल्यामुळे. त्यावर लॅव्हेंडर हुंगून उपयोग नाही. दव वाळल्यावर कामाला लागावे, हातमोजे घालावेत, साबणाने हात धुवावेत, आणि त्रास थांबला नाही तर डॉक्टरकडे जावे. तेच हात धुतल्याशिवाय मिरची-टोमॅटोच्या रोपांनाही लावू नयेत. तंबाखूचा रोग त्यांना लागतो.

येत्या नोव्हेंबरात ज्यांच्या घरी पावसाळा काढलेले लॅव्हेंडर असेल त्यांनी चार-चार फांद्या जास्तीच्या कापाव्यात आणि रविवारच्या मिस्सेला येताना आणाव्यात. सोबत एका चिठ्ठीवर झाड किती वर्षांचे, पान सरळ की दातेरी, आणि माती तांबडी की वाळूची, एवढे लिहावे. फांदीचे पैसे कोणी घेऊ नयेत. फांद्या ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणाव्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून नव्हे. मिस्सा संपेपर्यंत त्या आत उकडून निघतात.